डावा हात, दमट वही आणि पाचशे रुपये

ताईचा फोन आला तेव्हा तिसरं पेन चालू होतं. म्हणजे नीट चालू नव्हतं, म्हणूनच फोन आला होता.

जूनच्या मध्यावर शाळा सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात नववीच्या वर्गशिक्षिकांनी सांगून टाकलं: जेल पेन बंद, यापुढे शाईचं पेन, शाई निळी. त्याने अक्षर सुधारतं, असं मॅडमचं मत. माझी भाची मनू याच वर्गात. राहते चिपळूणला, लिहिते डाव्या हाताने, आणि लहानपणापासून इतकं दाबून लिहिते की पान उलटलं तर मागून बोट फिरवून अक्षरं वाचता येतील. गणपतीपर्यंत दोन पेनं कामातून गेली होती, तिसरं गळत होतं, आणि करंगळीच्या टोकापासून मनगटापर्यंत हाताच्या कडेला एक निळा पट्टा कायमचा वस्तीला आला होता. साबणाने जायचा, दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीपर्यंत परत यायचा.

"तू पेनं दुरुस्त करत बसतोस ना रविवारचा? मग हिच्यासाठी एक बघ. शाईसकट पाचशेच्या आत. आणि हे हरवणार आहे असं धरूनच आण," ताई म्हणाली.

मी पुण्यात नोकरी करतो. पेनं दुरुस्त करणं हा माझा छंद, आणि छंदिष्ट माणसाला कुणी सल्ला विचारला की त्याचं जे होतं ते माझं झालं. मुलगी कशी लिहिते हे न पाहता मी पेनं गोळा करायला लागलो. त्या चुकीची गोष्ट पुढे येईलच. आधी त्या तीन पेनांचं काय झालं ते सांगतो, कारण निवड कशी करायची हे मला त्यांनीच शिकवलं.

तीन पेनांचं शवविच्छेदन

तिन्ही पेनं शाळेजवळच्या दुकानातली, पन्नासच्या आतबाहेरची. गणपतीला चिपळूणला गेलो तेव्हा ताईने ती पिशवीत घालून माझ्यासमोर ठेवली.

पहिलं उघडलं तर जिभेच्या खाचा काळ्या डांबरासारख्या भरलेल्या. जीभ म्हणजे निबच्या खाली असते ती खाचांची पट्टी. मधल्या बारीक नाळेतून शाई केशाकर्षणाने निबकडे येते, तेवढीच हवा उलट्या दिशेने आत जाते, आणि बाजूच्या खाचा जास्तीची शाई धरून ठेवतात. पेनाचा सगळा जीव या पट्टीत. मनूच्या पेनात तो जीव कोंडला होता. एका रात्री निळी शाई संपली, दुकानं बंद, सकाळी चाचणी. भावोजींना घरात एक काळी बाटली दिसली, ती त्यांनी भरली. मनू एलिमेंटरी चित्रकलेच्या परीक्षेची तयारी करत होती, तिच्यासाठी आणलेली ती वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक. अशा शाईत बहुधा लाखेसारखा बांधणारा पदार्थ असतो. कागदावर वाळल्यावर ती पाण्याने हलत नाही, हाच तिचा गुण. पेनात वाळल्यावरही हलत नाही. टाक बुडवून काढायचं असेल तर ती उत्तम, पण शाईच्या पेनात कधीच नाही. मी ते पेन दोन दिवस कोमट पाण्यात ठेवलं, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकले, जीभ काढून जुन्या टूथब्रशने घासली. निम्मी शाई निघाली, निम्मी नाही. भावोजी म्हणाले, "बाटलीवर इंक लिहिलं होतं हो." बरोबरच आहे त्यांचं.

दुसऱ्या पेनाची निब फाकली होती. निबच्या मधोमध जी चीर असते, तिच्या दोन्ही बाजूंच्या पात्या टोकाशी एकमेकींना जेमतेम टेकलेल्या हव्यात. इथे त्यांच्यातून पोस्टकार्ड सरकवता आलं असतं. मनूने दाबून दाबून त्या फाकवल्या, आणि फट वाढली की केशाकर्षण तुटतं, शाई टोकापर्यंत येत नाही, मग माणूस आणखी दाबतो. बॉलपेनची गोळी फिरवायला जोर लागतो. शाईच्या पेनाला तो लागतच नाही, टोक कागदावर नुसतं टेकलं की पुरे. मॅडमचं "अक्षर सुधारतं" हे मत मला अर्धंच पटतं ते याचसाठी. दाब कमी झाला तर हात दुखायचा थांबतो आणि मग अक्षर सुधारायला वाव मिळतो. पेन बदलल्याने दाब आपोआप कमी होत नाही, आधी निबचा बळी जातो.

तिसरं पेन आयड्रॉपर पद्धतीचं. म्हणजे आत रबर नाही, नळी नाही, ड्रॉपरने थेट दांड्यातच शाई भरायची. आपल्या आजोबांची बहुतेक पेनं अशीच होती, आणि मुंबईच्या एअरमेल-वॅलिटीसारख्या कंपन्यांनी ती पद्धत आपल्याकडे टिकवून धरली. शाई भरपूर मावते, मोडण्यासारखं आत काहीच नाही, स्वस्त पडतं. मनूची तक्रार अशी की सकाळी भरलेलं पेन चौथ्या तासापर्यंत गुणी मुलासारखं चालतं आणि मग अचानक वहीवर भला थोरला थेंब टाकतं. यात दुकानदाराचा काही दोष नाही. दांडा अर्धा रिकामा झाला की वरच्या जागेत हवा असते. मुठीच्या उबेने ती फुगते आणि खालची शाई जिभेतून बाहेर ढकलते. पेन भरलेलं ठेवा, थेंब पडत नाही. आजोबा रोज सकाळी चहाबरोबर पेन भरायचे, त्यांना कधी हा त्रास झाला नाही. सातच्या बसची वेळ गाठणाऱ्या मुलीकडून ती शिस्त मागण्यात अर्थ नव्हता.

मी काय घेऊन गेलो होतो

पुण्यात शाईचं पेन बघायचं तर अप्पा बळवंत चौक. गणपतीच्या आधी दोन शनिवार मी तिथे घालवले.

हीरोची बारीक पेनं डोळ्यांसमोर होतीच. आपल्याकडच्या दोन पिढ्या त्यांवर लिहीत आल्या. त्यांची निब बहुतांशी झाकलेली, नुसतं टोक बाहेर, त्यामुळे शाई लवकर वाळत नाही. पण शिकणाऱ्या मुलीला निब कोणत्या अंगाने कागदाला टेकली आहे हे दिसायला हवं. मनू लिहिता लिहिता पेन बोटांत फिरवते, झाकल्या निबमध्ये तिला ते कळणारच नाही. पार्कर व्हेक्टर कुठेही मिळतं, चिपळूणलाही. दांडा मात्र सरळ नळकांड्यासारखा, तिच्या मुठीला बारीक.

मग मोहात पाडणाऱ्या गोष्टी आल्या. लॅमी सफारी हे जर्मन पेन 1980 साली शाळकरी मुलांना डोळ्यांसमोर ठेवूनच निघालं. पकडीवर दोन तिरके सपाट भाग आहेत, अंगठा आणि तर्जनी आपोआप जागेवर बसतात. डावखुऱ्यांसाठी वेगळी निबही मिळते. पण आपल्याकडे किंमत दोन हजारांच्या पुढे, आणि ताईचं "हरवणार आहे" कानात घुमत होतं. जपानच्या पायलटचं काकुनो 2013 चं, त्याच्या निबवर एक हसरा चेहरा कोरलेला असतो. चेहरा आपल्याकडे बघत असेल तर पेन बरोबर धरलंय. यापेक्षा सोपी सूचना मी पाहिलेली नाही. तेही आमच्या आकड्यात बसत नव्हतं.

शेवटी पिशवीत चार पेनं गेली: एक हीरो, एक व्हेक्टर, एक देशी आयड्रॉपर (मोह सुटत नाही) आणि एक प्लॅटिनम प्रेपी, निब 03, म्हणजे बारीक. शिवाय तीन निळ्या शाया. आणि हुशारी करून एक महागडी, गुळगुळीत, जाड कागदाची वही. मनात आलं, शाळेच्या पातळ वहीवर शाई फुटते, चांगल्या कागदावर पोरीला लिहिण्याचं सुख कळेल.

दुकानात पेन तपासण्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. दुकानदार निब दौतीत बुडवून देतो आणि आपण सही करून बघतो. त्या वेळी जीभ शाईने चिंब असते, भिकार निबसुद्धा लोण्यासारखी चालते. निदान अर्धं पान भरेपर्यंत लिहा, पहिली ओल संपू द्या, मग खरं रूप दिसतं. जवळ भिंग असेल तर निबचं टोक समोरून बघा. दोन पात्या एका पातळीत हव्यात, एक वर एक खाली असेल तर ती कागद ओरबाडणार. आणि सही करू नका. सही आपण झोकात, वेगात करतो, अभ्यास तसा करत नाही.

पडवीतलं मोजमाप

चिपळूणला गणपतीत पाऊस होता. चिपळूणला गणपतीत पाऊस असतोच. पडवीत टेबल टाकलं, मनूला चारही पेनं दिली आणि म्हटलं, "इतिहासाच्या वहीतलं एक पान उतरवून काढ." माझ्या त्या गुळगुळीत वहीवर.

पाच ओळींत पान बरबटलं. शाळेच्या वहीपेक्षा वाईट.

"मामा, ही वही शाई पीतच नाही," मनू म्हणाली. एका वाक्यात तिने सगळं सांगितलं होतं, मला कळायला आणखी अर्धा तास लागला. गुळगुळीत कागदाला वरून लेप असतो. त्यावर शाई फुटत नाही कारण ती मुरत नाही, पृष्ठावरच वाळते, आणि वाळायला वेळ घेते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला हे सुख, कारण त्याचा हात कोऱ्या कागदावरून पुढे सरकतो. डावखुऱ्याचा हात आत्ताच लिहिलेल्या ओळीवरून सरकतो. त्याच्यासाठी शाळेची ती खरखरीत, शाई पिणारी स्वस्त वहीच बरी.

मग आम्ही नीट मोजायला बसलो. मोबाइलवर घड्याळ लावलं. एक रेघ मारायची आणि पाच, दहा, वीस सेकंदांनी बोट फिरवायचं. माझ्या वहीवर वीस सेकंदांनंतरही बारीक निबची रेघ पुसली जात होती. शाळेच्या वहीवर, त्या दमट हवेतसुद्धा, दहाव्या सेकंदाला जवळजवळ काही नाही, पाचव्याला मात्र अजून ओल. जाड निबने हे आकडे सरळ वाढले, कारण जाड निब जास्त शाई सोडते.

आता दुसरा आकडा: मनूची मूठ लिहिलेल्या शब्दावर किती वेळात पोचते? मुठीची कड निबपासून साधारण चार सेंटीमीटर डावीकडे, ओळीच्याच पातळीवर. एक शब्द दोनेक सेंटीमीटरचा, लिहायला तिला तीन सेकंद. म्हणजे सहाव्या सेकंदाला हात शब्दावर. शाई वाळायला हवे आठ-दहा. गणित तिथेच अडकत होतं, आणि पेन कुठलंही घेतलं तरी ते तीन-चार सेकंद कमी होणार नव्हते.

भर म्हणून देवनागरीची एक गंमत. मी तिच्या हाताकडे बघत होतो. "इतिहास" लिहिला की ती पेन उचलून शब्दाच्या उजव्या टोकाला नेते आणि शिरोरेषा उजवीकडून डावीकडे ओढते. आपण डावीकडून उजवीकडे ओढतो, कारण ओढणं सोपं, ढकलणं अवघड. तिच्यासाठी डावीकडून उजवीकडे मारलेली प्रत्येक रेघ म्हणजे निब ढकलणं. निबच्या टोकाच्या कडा जराशा तीक्ष्ण असल्या की ढकलताना त्या कागदात रुततात. म्हणून तिने आपली युक्ती शोधली होती, कुणी न शिकवता. तोटा एवढाच की परतीच्या वाटेवर मूठ आधीच्या शब्दावरून दुसऱ्यांदा जाते. "हे तुला कुणी सांगितलं?" विचारलं तर म्हणाली, "मग शिरोरेषा अशीच देतात ना?"

इथे मला थांबावं लागलं. तासभर मी पेनं आणि शाया बदलत होतो आणि बदलायला हवा होता हात. म्हणजे हाताची जागा. वही घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवली, वरची कड उजवीकडे कलती, साधारण पंचवीस-तीस अंश. मूठ ओळीच्या खाली गेली. लिहिलेला शब्द आता मुठीच्या वर राहतो, खाली येत नाही. पहिल्या दहा मिनिटांत मनू वैतागली, अक्षर नारळाच्या झावळीसारखं झुकलं. संध्याकाळपर्यंत सरळ झालं. हात स्वच्छ.

"पण वर्गात नाही जमणार," ती म्हणाली. का? बाकावर ती उजव्या टोकाला बसते. वही अशी फिरवली की डावा कोपर शेजारणीच्या उजव्या कोपराला लागतो, आधीच दोघींची रोज त्यावरून भांडणं. डावखुऱ्याने बाकाच्या डाव्या टोकाला बसायचं, ही गोष्ट इतकी साधी की सात-आठ वर्षांत कुणाला सुचली नाही. मला नाही, ताईला नाही, शाळेत कुणाला नाही. ताईने मॅडमना फोन केला. मॅडम म्हणाल्या, "अगोबाई, आधी सांगायचं ना." सोमवारपासून जागा बदलली. याला शून्य रुपये लागले.

शाई, आणि मग पेन

हाताचं जमल्यावर पेनाची निवड वेगळीच सोपी झाली. डावखुऱ्यांची निब नको, झटकन वाळणारी परदेशी शाई नको. उरल्या दोनच गरजा: निब बारीक हवी आणि लागणारी प्रत्येक गोष्ट चिपळूणला मिळायला हवी.

बारीक का, तर एकेरी वहीच्या दोन रेघांमधल्या जागेत आपल्या लिपीला फार काही बसवायचं असतं. वर वेलांटी, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. मी चाचणीसाठी तिच्याकडून "बाळकृष्ण", "क्षुल्लक", "धृतराष्ट्र" लिहून घेतले. मध्यम निबने "ळ"चे दोन्ही डोळे बुजले, आणि "ष्ट्र" हा एक निळा ठिपका झाला. बारीक निबने सगळं उघडं राहिलं. इंग्रजी लिहिणाऱ्यांच्या सल्ल्यावर विसंबून मध्यम निब घेणारे आपले लोक हे विसरतात. जपानी पेनांची बारीक निब युरोपातल्या बारीक निबपेक्षाही सहसा बारीक असते, कारण त्यांच्या लिपीची गरज आपल्यासारखीच दाटीची.

शायांपैकी एक पावसाळी वहीवर कोळ्याच्या पायांसारखी फुटली, ती बाजूला ठेवली. पार्करची क्विंक चांगली चालली. तिच्या नावातच "क्विक" आणि "इंक" आहे, 1931 साली ती झटपट वाळणारी म्हणूनच बाजारात आली. पण निवडली कॅमलची रॉयल ब्लू. योगायोग असा की कॅमलिनचाही जन्म 1931 चा. मुंबईत दांडेकर बंधूंनी आधी घोडाछाप शाईची पूड आणि गोळ्या काढल्या, मग उंट आला. 2011 पासून कंपनीत जपानच्या कोकुयोचा मोठा वाटा आहे. मी ती निवडली ते मराठी अभिमानाने नव्हे. ती बाजारपेठेतल्या कुठल्याही दुकानात मिळते, साठ मिलीची बाटली पन्नासच्या आत येते, आणि बारीक निबने त्या वहीवर फारशी फुटत नाही. जी शाई संपल्यावर पुण्याहून मागवावी लागते ती विद्यार्थ्याची शाई नाही. नाहीतर पुन्हा एखाद्या रात्री भावोजी काळी बाटली शोधतील.

पेन मनूनेच निवडलं. तिला प्रेपी आवडलं, आणि कारण विचारलं तर "आतली शाई दिसते" हे एकच. पारदर्शक दांडा. मला आवडलेलं कारण टोपणात होतं: टोपणाच्या आत स्प्रिंगवर बसवलेलं आणखी एक लहान टोपण असतं, ते निबभोवती घट्ट बसतं. दिवाळीच्या सुट्टीत तीन आठवडे पेन दप्तरात पडून राहिलं तरी उघडल्यावर पहिल्या रेघेला चालावं, हे शाळकरी पेनाचं खरं काम, आणि हे त्यासाठीच बनवलेलं. मी घेतलं तेव्हा ते साडेतीनशेच्या आसपास पडलं होतं.

अडचण एक होती. या पेनाला त्याच कंपनीची कार्ट्रिज, म्हणजे शाई भरलेल्या लहान नळ्या, लागतात. ती चिपळूणला मिळत नाहीत, आणि शाई ओढून घेणारा कन्व्हर्टर घ्यावा तर तो पेनाच्याच किमतीला येऊन भिडतो. मग जुनी युक्ती: रिकामं कार्ट्रिज फेकायचं नाही, बाटलीतली शाई सिरिंजने त्यातच भरायची. मेडिकलमधून दोन मिलीची सिरिंज आणली. ताईने सुई बघितली आणि स्पष्ट नाही म्हणाली. तिचं बरोबर होतं. सुईचं टोक पॉलिश पेपरवर घासून पूर्ण बोथट केलं, तिच्या तळहातावर टोचून दाखवलं, तेव्हा परवानगी मिळाली. मनू आता ते काम डोळे मिटून करते: कार्ट्रिज उपटायचं, सुई तळापर्यंत घालायची, सावकाश भरायचं, वर थोडी जागा सोडायची. तळापासून भरलं की हवेचा बुडबुडा अडकत नाही. मग पेन जुन्या फडक्यावर पाच मिनिटं निब खाली करून ठेवायचं, शाई जिभेत उतरते. झटकायचं नाही. आमच्या वेळच्या शाळेच्या भिंतींवर त्या झटकण्याची नक्षी होती.

निब किंचित खरखरायची, विशेषतः ढकलताना. ब्राऊन पेपरच्या गुळगुळीत बाजूवर, अजिबात न दाबता, आठाचा आकडा पंधरा-वीस वेळा गिरवला, दोन्ही दिशांनी. तेवढं पुरलं. फरशीवर निब घासणारे आणि चिरेत अर्धं ब्लेड घालणारे आजही भेटतात. त्यातून निब कधी कधी सुधारते, पण त्याला नशीब लागतं.

नंतरचे सहा महिने

ऑक्टोबरात परतीच्या पावसाने दप्तर भिजलं आणि विज्ञानाच्या वहीतल्या कडेच्या ओळी विरघळून निळं तळं झालं. रॉयल ब्लू पाण्याला टिकत नाही, हे मला माहीत होतं आणि मी सांगायला विसरलो होतो. टिकाऊ शाया मिळतात, पण पेन वेळच्या वेळी धुतलं नाही तर त्या आत बसतात. चौदा वर्षांच्या मुलीकडून दर पंधरवड्याला पेन धुऊन घेण्यापेक्षा वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालणं सोपं, म्हणून पिशवी. दिवाळीत आणि मे महिन्यात एकदा साध्या पाण्याने, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं, एवढंच ठरलं.

डिसेंबरात पेन बाकावरून निब खाली करून पडलं. टोक कोयरीसारखं वाकलं. पार्सलने माझ्याकडे आलं, मी भिंगाखाली नखाने आणि पितळी पत्र्याच्या तुकड्याने सरळ केलं. पहिल्यासारखं नाही, पण चालतं. ते आठ दिवस मनूने देशी आयड्रॉपरवर काढले, रोज सकाळी काठोकाठ भरून. एकही थेंब पडला नाही, आजोबांची पद्धत तशी चोखच. परीक्षेला आता ती दोन्ही पेनं भरून नेते आणि कंपासात एक बॉलपेन. नकाशे आणि आलेखांना बॉलपेनच बरं, कागद ओला होत नाही.

दाबून लिहिणं कमी झालंय, थांबलेलं नाही. परीक्षेच्या शेवटच्या अर्ध्या तासात जुना दाब परत येतो, उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानांवर तो दिसतो. अक्षर सुधारलं का? मॅडम म्हणतात हो. ताई म्हणते, "निदान वाचता येतं." मला तिच्या अक्षरात फारसा फरक दिसत नाही, शब्दांमधली जागा मात्र सारखी झालीय, बहुधा कोपराला मोकळीक मिळाल्याने.

ताई हिशेबाला पक्की. तिच्या वहीत असं लिहिलंय: जेल पेनं महिन्याला चार, दहा रुपयांप्रमाणे, दहा महिन्यांचे चारशे. शाईचं पेन, शाई, सिरिंज मिळून चारशेच्या वर आणि पाचशेच्या आत. त्यात दर तिसऱ्या दिवशी एक मिलीच्या आसपास शाई, म्हणजे बाटली सहा महिने, तेव्हा मार्चमध्ये दुसरी बाटली आलीच. पहिल्या वर्षी शाईच्या पेनाने काही वाचलं नाही. गणपतीच्या आधीची तीन पेनं धरली तर उलट जास्तच गेले. पेन दहावीभर टिकलं तर खर्च फक्त शाईचा, शंभराच्या आत. त्या ओळीपुढे ताईने पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.

माझी ती गुळगुळीत वही भावोजींनी घेतली. ते बॉलपेनने लिहितात.